आईची गोष्ट समजण्यापुरती भाषा

‘द जॉय लक क्लब’ हा अमेरिकन चित्रपट १९९३ साली आला. एमी टॅन यांच्या १९८९ सालच्या कादंबरीवरून तो हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या वेन वाँग यांनी दिग्दर्शित केला. सॅन फ्रान्सिस्कोत माजाँगच्या पटाभोवती जमणाऱ्या चार चिनी आया आणि अमेरिकेत वाढलेल्या त्यांच्या चार मुली यांची ही कथा. त्यांतली एक आई, सुयुआन, वारते आणि तिच्या रिकाम्या जागी तिची मुलगी जून खेळायला बसते. युद्धात पळताना सुयुआनला आपल्या जुळ्या मुली वाटेत सोडाव्या लागल्या होत्या. त्यांचा आता चीनमध्ये पत्ता लागला आहे. त्यांना आईविषयी काय सांगणार, मला ती कुठे नीट कळली होती, असा प्रश्न कादंबरीतल्या जूनला पडतो आणि उरलेल्या तिघी हादरतात, कारण जूनच्या जागी त्यांना आपापल्या मुली दिसतात. हा चित्रपट स्थलांतराची कथा म्हणून ओळखला जातो. पण आई-मुलीतलं हे अंतर समुद्र ओलांडल्यामुळे पडलेलं नाही. एका भाषेला चढा आणि दुसरीला पडता भाव मिळाला की ते पडतं. म्हणूनच व्हिसा न काढता ते मुंबईतल्या मुलुंड-बोरिवलीच्या घरांतही पडलं आहे.

चित्रपटातलं जेवणाचं एक दृश्य पाहा. लिंडो ही आई आपला हातखंडा पदार्थ पानात वाढते आणि रीतीप्रमाणे म्हणते, की आज चव साधली नाही, मीठ कमी पडलं. पाहुणा असलेला होणारा गोरा जावई ते शब्दशः खरं मानतो आणि वर सोया सॉस ओततो. मुलगी वेव्हर्ली कानकोंडी होते. आपल्याकडे पुरणपोळी वाढणारी बाई ‘गोड मानून घ्या’ म्हणते, तेव्हा साखर मागायची नसते, पोळीची तारीफ करून आणखी एक घ्यायची असते. हा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. तो घरात, पंगतीत, वर्षानुवर्षं ऐकून अंगात मुरतो. भाषा सुटते तेव्हा शब्दांच्या आधी हे मुरलेलं सुटतं, आणि आईचं बोलणं मुलीला अर्धवट, कधी कधी तर उलटंच, ऐकू येऊ लागतं.

याची मराठी जोडकथा गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’मध्ये आहे. २०१२ सालच्या या हिंदी चित्रपटात श्रीदेवींनी शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी साकारली. शशीच्या लाडवांना मागणी आहे, पण तिला इंग्रजी येत नाही. शाळेतल्या पालकभेटीत शिक्षक सौजन्याने मोडक्यातोडक्या हिंदीत बोलतात, तरी मुलगी सपना लाजेने चूर होते. शिक्षकांना न खुपलेली गोष्ट पोटच्या मुलीला खुपते, यात सगळं आलं. शशी पुढे न्यूयॉर्कला जाते, पण दरी त्याआधीच पुण्याच्या घरात पडलेली होती. शिवाय पडद्यावरचं हे गोडबोले कुटुंब घरात मराठी नव्हे, हिंदी बोलतं. व्यापक प्रेक्षकासाठी तसं करावं लागलं असेल, पण भाषांच्या उतरंडीत मराठी कुठे उभी आहे तेही त्यातून दिसतं.

मुंबईच्या उपनगरांत ही उतरंड शाळेच्या दाराशी ठरते. पार्ल्यात १९२१ साली लोकांच्या पुढाकाराने पार्ले टिळक विद्यालय उभं राहिलं, तेव्हा मराठीतून शिकणं हा प्रतिष्ठेचा मार्ग होता. पुढे अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मराठी शाळांतून पिढ्या घडल्या. त्याच पिढ्यांनी आपली मुलं इंग्रजी माध्यमात घातली आणि अनेक मराठी शाळांचे पट रोडावले. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती शाळांचंही तेच झालं. आई एका माध्यमातली आणि मुलगी दुसऱ्या माध्यमातली, अशी घरं आता जागोजागी दिसतात. आईने वाचलेलं मुलीला वाचवत नाही आणि मुलीचा गृहपाठ आईला पेलत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की इंग्रजीने मुलींना संधी दिली आणि ती आयांनीच निवडली. हे खरं आहे, आणि त्या निवडीला दोष देणं अन्यायाचं होईल. पॅसिफिक ओलांडणाऱ्या त्या चार चिनी आयांनाही मुलींनी अस्खलित अमेरिकन इंग्रजी बोलावं असंच वाटत होतं. दोष इंग्रजी शिकण्यात नाही. ती येत नाही म्हणून आईची किंमत कमी धरण्यात आहे. दुसरा आक्षेप, की युद्धात पोरं गमावलेल्या बाईशी लाडू करणाऱ्या गृहिणीची तुलना होऊ शकत नाही. दुःखाची होत नाहीच. तुलना आहे ती मुलीच्या कानांची. गोष्ट केवढीही असो, ती ऐकायला लागणारी भाषा मुलीकडे नाही, हे दोन्हीकडे सारखं आहे. तिसरा आक्षेप ‘जॉय लक’मधले चिनी पुरुष एकजात वाईट दाखवल्याचा. तो बराचसा रास्त आहे, पण त्याने आई-मुलीतलं निरीक्षण खोटं ठरत नाही.

मग उपाय काय? शशी चार आठवड्यांत इंग्रजी शिकते आणि लग्नात भाषण करते. प्रेक्षक सुखावतो, पण पूल पुन्हा आईनेच बांधलेला असतो. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा झाला. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या प्रेरणेने मराठी शाळा चालतात. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण मराठीत गुण मिळवणं म्हणजे आई समजणं नव्हे. मराठी टिकवण्याचं अस्मितेहून जवळचं कारण घरातच आहे. आई कुठल्या गावातून आली, तिचं काय राहून गेलं, ती कशाला भ्यायली, हे ती एकाच भाषेत धड सांगू शकते. जूनच्या वाट्याला ती पूर्ण गोष्ट आईमागे, इतरांच्या तोंडून आली. उपनगरातल्या मुलीची आई समोर बसलेली आहे. ती ‘गोड मानून घे’ म्हणाली, तर मुलीला साखरेचा डबा शोधावा लागू नये, एवढी मराठी तिला आपण द्यायलाच हवी.