पिळणारा ट्रक, न पिळणारे घर

उल्हासनगरच्या पत्त्यांत आजही ‘कॅम्प नंबर’ आणि ‘बरॅक नंबर’ येतात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली ही लष्करी छावणी युद्धानंतर रिकामी झाली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने तेथे आणले. लांबलचक बरॅकींचे भाग पाडले गेले आणि त्यांतून घरे झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. लष्कराने सोडलेल्या वस्तूचे घर कसे होते याचे हे आपल्या जवळचे ठळक उदाहरण.

बरॅक एका जागी उभी होती, म्हणून तिचे घर होऊ शकले. पण लष्कराने लिलावात काढलेला मालवाहू ट्रक घेऊन त्याच्या हौद्याच्या जागी राहण्याची खोली बसवायची असेल तर? परदेशात अशी फिरती घरे पुष्कळ दिसतात. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आणि अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींतील पत्राकाम, वेल्डिंग हाताशी असल्याने या पट्ट्यात ही कल्पना कोणालाही सुचावी. मात्र सुतार आणि वेल्डर कितीही कुशल असले, तरी पदार्थविज्ञानाचे काही साधे नियम दुर्लक्षून चालत नाही. दुर्लक्ष केल्यास असे घर तडकते, कलंडते किंवा माणसांसकट वाहून जाते. हे नियम शाळेतल्या पुस्तकांत आहेतच. ट्रकच्या निमित्ताने ते पुन्हा पाहू या.

ट्रकचा सांगाडा

आपल्या लष्कराचा सर्वांत परिचित जुना ट्रक म्हणजे ‘शक्तिमान’. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्याने तो १९५९ पासून जबलपूरला तयार होऊ लागला आणि १९९६ पर्यंत तयार होत होता. नंतर अशोक लेलँडचा ‘स्टॅलियन’ आणि टाटांचा ‘एलपीटीए’ हे ट्रक आले. जबलपूरचा वाहन कारखाना आणि अंबरनाथची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे दोन्ही १ ऑक्टोबर २०२१ पासून एकाच सरकारी कंपनीत, म्हणजे आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये, आहेत.

अशा ट्रकच्या पुढच्या व मागच्या दोन्ही आसांना इंजिनाची शक्ती मिळते. तो खडकाळ वाटेने, नाल्यातून, चिखलातून जावा अशी अपेक्षा असते. त्यासाठी चारही चाके जमिनीला टेकलेली राहिली पाहिजेत; हवेत लटकणारे चाक ट्रकला पुढे ढकलू शकत नाही. म्हणून अशा ट्रकचा सांगाडा, ज्याला आपण चासी म्हणतो, थोडा पिळला जाईल असाच बनवतात. पुढचे डावे चाक दगडावर चढले की सांगाड्याचा पुढचा भाग उजवीकडे कलतो आणि मागचा भाग सपाट राहतो. हा दोष नव्हे, गुण आहे.

हा गुण येतो सांगाड्याच्या आकारातून. चासीचे दोन लांब तुळयांसारखे भाग इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकाराचे, एका बाजूने उघडे असतात. असा आकार वाकण्याला चांगला विरोध करतो, पिळण्याला मात्र फारच कमी. वर्गात याचा प्रयोग सहज करता येईल. जाड कागदाची नळी करून तिची कड नीट चिकटवा आणि दोन्ही टोके धरून पिळून पाहा. ती दाद देत नाही. आता तीच नळी लांबीच्या दिशेने एका रेषेत कापा आणि पुन्हा पिळा. कागद तितकाच, आकारही जवळपास तोच, पण नळी लगेच पिळली जाते. गणित सांगते की नळीची जाडी तिच्या त्रिज्येच्या एक दशांश असेल, तर बंद नळी उघड्या नळीपेक्षा पिळण्याला सुमारे ३०० पट अधिक विरोध करते.

आता खोलीचा विचार करू. खोली म्हणजे सहा बाजूंनी बंद पेटी. बुटांचे रिकामे खोके झाकणाशिवाय सहज पिळता येते. झाकण चिकटपट्टीने बंद केले की ते ताठ होते. म्हणजे आपण जे करू पाहतो ते असे : पिळणाऱ्या सांगाड्यावर न पिळणारी पेटी बसवणे. ती चार कोपऱ्यांवर बोल्टने घट्ट आवळली तर काय होईल? समजा, सांगाडा पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत फक्त ३ अंश पिळला. खोली २.२ मीटर रुंद असेल, तर तिच्या पुढच्या कोपऱ्याला मध्यरेषेपासून १.१ मीटर अंतरावर सुमारे ६ सेंटिमीटर वर जावे लागेल आणि दुसऱ्या बाजूच्या कोपऱ्याला तितकेच खाली. ताठ पेटी हे मान्य करीत नाही. मग दार अडकते, काच तडकते, कोपऱ्यांची वेल्डिंग उकलते. नाहीतर बोल्टभोवती खुद्द चासीलाच चीर जाते.

तीन दगडांची चूल

उपाय आपल्या परसातला आहे. चार पायांचे टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगते, पण तीन दगडांची चूल कधीच डुगडुगत नाही. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल नेहमीच जाते; चौथा बिंदू त्याच प्रतलात असेलच याची खात्री नसते. म्हणून खोली सांगाड्यावर तीनच ठिकाणी टेकवायची. मागच्या आसाजवळ डावीकडे व उजवीकडे दोन आधार, आणि केबिनच्या मागे मधोमध एक बिजागरीसारखा फिरणारा आधार. पुढचा सांगाडा कितीही डावा-उजवा कलला तरी खोली त्या बिजागरीभोवती स्थिर राहते. जर्मनीच्या ‘युनिमॉग’ वाहनांवर अशी जोडणी नेहमी दिसते. केबिनमधून खोलीत जायला वाट ठेवायची असल्यास ती आगगाडीच्या दोन डब्यांमध्ये असतो तशा घडीच्या लवचीक पडद्याची ठेवावी लागते, कारण केबिन आणि खोली स्वतंत्रपणे हलणार असतात.

एक पथ्य मात्र पाळावे. चासीच्या वरच्या व खालच्या पट्टीला भोक पाडू नये आणि तेथे वेल्डिंगही करू नये. तुळई वाकते तेव्हा सर्वांत जास्त ताण व दाब याच दोन पट्ट्यांवर येतो.

तोल

दुसरा प्रश्न गुरुत्वमध्याचा. वाहन एका बाजूला कलत गेले की गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा चाकांच्या बाहेर पडताच ते उलटते. दोन बाजूंच्या चाकांमधील अंतर १.९ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.२ मीटरवर असेल, तर उलटण्याचा कोन सुमारे ३८ अंश येतो. उंच कपाटे, टपावर सामान आणि पाण्याची टाकी असे करून गुरुत्वमध्य १.६ मीटरवर नेला, तर तो सुमारे ३१ अंशांवर घसरतो. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर उलटण्याची वेगमर्यादाही ताशी ५५ किलोमीटरवरून ४८ वर येते. स्प्रिंगांच्या झुकण्यामुळे प्रत्यक्षातले आकडे याहूनही कमी असतात. ३०० लिटर पाणी म्हणजे ३०० किलो वजन. त्याची टाकी दोन आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली हवी, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून आत आडवे पडदे हवेत.

उन्हाचा विचारही यातच येतो. एप्रिल-मे महिन्यांत बदलापूरकडे पारा चाळिशीपलीकडे जातो. पोलाद थर्मोकोलच्या हजारपटीहून अधिक उष्णता वाहून नेते, त्यामुळे भिंतीत थर्मोकोल भरले तरी बाहेरून आतपर्यंत जाणारा प्रत्येक पोलादी खांब उष्णतेचा पूल ठरतो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी झरोका हवाच.

पाणबंद घराचा धोका

२६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूरला वेढले. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे १,०५० प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा भागात ‘उंच ट्रकवर घर असले की पुराची भीती नको’ असे वाटणे स्वाभाविक आहे. येथे आर्किमिडीजला विसरून चालणार नाही.

हौद्याच्या फटींतून पाणी आत शिरते, म्हणून हौदा तरंगत नाही. आपण मात्र खोली पाणबंद करतो. ४ मीटर लांब आणि २.२ मीटर रुंद खोलीच्या तळाचे क्षेत्रफळ ८.८ चौरस मीटर होते. पाणी तळाच्या वर दर १० सेंटिमीटर चढले की ८८० किलो पाणी बाजूला सारले जाते आणि चाकांवरचा भार तेवढाच कमी होतो. ५० सेंटिमीटर चढले की ४.४ टन. ट्रक घरासकट ८ टनांचा असेल, तर चाकांवर निम्माही भार उरत नाही. टायर जमिनीला धरून ठेवतात ते घर्षणाने, आणि घर्षण या भारावरच अवलंबून असते. इकडे प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असतो. म्हणजे ट्रक तरंगण्याच्या बराच आधी वाहू लागतो. पुराच्या इशाऱ्यानंतर अशा घरात बसून राहायचे नाही. पाणी चढण्यापूर्वीच त्याला उंच जागी न्यायचे. फिरत्या घराचा खरा फायदा तोच.

शेवटी कायद्याविषयी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात मनाप्रमाणे करता येत नाही. या तिन्ही शहरांची वाहने कल्याणच्या परिवहन कार्यालयात, ‘एमएच ०५’ क्रमांकाखाली नोंदली जातात. लिलावात बोली लावण्यापूर्वी, हे वाहन आणि हा बदल नोंदणीस पात्र आहे का, ते तेथे विचारावे.

ट्रक विकत न घेताही यातले बरेच काही वर्गात करता येईल. पुठ्ठ्याची उघडी पट्टी, एक बंद खोके आणि टाचण्या एवढेच सामान पुरते. एका गटाने खोके पट्टीवर चार ठिकाणी टाचावे, दुसऱ्याने तीन ठिकाणी, आणि दोघांनी पट्टी पिळून पाहावी. कोणत्या टाचण्या आधी उपटल्या जातात आणि का, याचे उत्तर विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.