सीडीच्या खणाविना सीडी

केडगावात काय किंवा नगर शहरात काय, बऱ्याच घरांत पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या सीडी कपाटात पडून आहेत. कुणाचं लग्न, कुणाचं कविसंमेलन. त्या चालवणारं यंत्र मात्र आता घरात नाही. नव्या लॅपटॉपलाही सहसा सीडीचा खण नसतो. पण मुलांच्या हातातलं खेळाचं यंत्र लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणारं असेल, तर या सीडी त्यात उघडता येतात. दक्षिण कोरियाचं २००५चं जीपी२एक्स, २०१०चं पँडोरा, २०२२चं स्टीम डेक ही सारी त्याच घराण्यातली. खण यांनाही नाही. आहे ती मेमरी कार्डाची फट.

म्हणून आधी, सीडी वाचणाऱ्या एखाद्या संगणकावर, तिची प्रतिमा करून घ्यायची. प्रतिमा म्हणजे फोटो नव्हे. सीडीवरची माहिती अथपासून इतिपर्यंत, त्याच क्रमानं उतरवून घेतलेली ती एकच फाइल असते. तिच्यात अनुक्रमणिकाही येते. आयएसओ ९६६० या १९८८च्या मानकावरून तिच्या नावाला ‘आयएसओ’ हे शेपूट लागलं. भरलेल्या सीडीची प्रतिमा साधारण ७०० एमबीची होते.

ही फाइल कार्डावर घालून यंत्रात ‘माउंट’ करायची. हा शब्द मोठ्या संगणकांच्या काळातला. तेव्हा टेपचं रीळ यंत्रावर चढवावं लागे, तंबूतल्या सिनेमाचा ऑपरेटर चढवी तसं. रिळं गेली, शब्द राहिला. लिनक्समध्ये ‘लूप’ नावाची सोय आहे. ती साध्या फाइलीला डिस्क म्हणून उभी करते. एक रिकामा फोल्डर करायचा, प्रशासकाचा पासवर्ड द्यायचा आणि माउंटचा हुकूम सोडायचा. त्या फोल्डरात सगळी सीडी दिसू लागते. काही कॉपी होत नाही, आणि आतलं चुकून पुसलंही जात नाही. ते फक्त वाचता येतं. पँडोरावर तर खेळच या रीतीनं चालत. ‘पीएनडी’ फाइल कार्डावर ठेवायची. खेळ सुरू करताना यंत्र ती चढवी आणि संपल्यावर उतरवी.

तीन पथ्यं पाळा. कार्ड काढण्याआधी प्रतिमा उतरवा, म्हणजे ‘अनमाउंट’ करा. फॅट३२ पद्धतीच्या कार्डावर चार जीबीहून मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे भरलेल्या डीव्हीडीसाठी कार्ड एक्सफॅट किंवा ईएक्सटी४ पद्धतीचं करा. आणि गाण्यांच्या ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच, नुसता सलग ध्वनी असतो. ती अशी माउंट होत नाही. तिच्यातली गाणी वेगळी काढून फाइली करून ठेवा.

आता घाई कशाची, ते सांगतो. घरी लिहिलेल्या सीडीवरची माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरात असते. ऊन, उष्मा आणि ओल यांनी तो थर बिघडतो. मग कुठलंच यंत्र ती वाचू शकत नाही. आमच्या पिढीच्या कित्येक कवींचा आवाज अशाच एखाद्या सीडीत आहे. पुस्तकात त्यांचे शब्द राहतील, गळा राहणार नाही. खेळाची यंत्रं पुढंही बदलत राहतील, पण प्रतिमा एका यंत्रातून दुसऱ्यात नेता येते. तेव्हा सीडी वाचता येते आहे तोवर तिची प्रतिमा करा आणि दोन ठिकाणी ठेवा.

(आकाशवाणी भाषणाचा संपादित अंश)