लेखकाच्या हाताशी असणारे ग्रंथ

लेखकाचे कपाट म्हटले की कथा, कादंबऱ्या आणि कवितासंग्रह आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण त्याची खरी हत्यारे बसल्या जागेवरून हात पोचेल अशा फळीवर असतात. शब्दकोश, ज्ञानकोश, जंत्री असे ते जाडजूड ग्रंथ. ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सहसा कोणी वाचत नाही. अडले की उघडायचे, काम झाले की मिटायचे. यांनाच संदर्भग्रंथ म्हणतात. कोणत्या अडचणीला कोणता ग्रंथ उघडावा हे कळणे, हीच त्यातली मेख आहे.

आता असे पाहा. खेड्यातल्या गुरुजींकडे कोणी पणजोबांच्या वेळचा कागद घेऊन येतो. त्यात ‘आबाजी बिन रामजी’ असे लिहिलेले असते. ‘बिन’ म्हणजे वाचून, शिवाय, हाच अर्थ चटकन सुचतो. बिनपगारी, बिनभाड्याचे असे आपण म्हणतोच ना! पण हा ‘बिन’ अरबीतून आलेला, त्याचा अर्थ मुलगा. आबाजी हा रामजीचा मुलगा. एवढ्या एका शब्दावर घराण्याची एक पिढी जुळते किंवा तुटते. अशा कागदांसाठी लेखक माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा १९२५ सालचा फारसी-मराठी कोश जवळ ठेवतो. त्याच कागदावर ‘शके १७००’ असेल, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन १७७८ येतो. मात्र तिथी माघ-फाल्गुनातली असली, तर तोवर इंग्रजी साल पालटलेले असते. मग ७९ मिळवायचे. नेमकी तारीख आणि वार हवा असेल, तर जंत्रीला पर्याय नाही.

शब्दांच्या बाबतीत दोन कोश तरी हवेतच. पहिला मोल्सवर्थ साहेबाचा. कंपनी सरकारच्या लष्करातला हा अधिकारी. त्याने इथल्या शास्त्रीमंडळींना हाताशी धरून १८३१ साली सुमारे ४० हजार शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश काढला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ६० हजारांवर गेले. दुसरा दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. याचे सात भाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. मला स्वतःला हा अधिक जवळचा वाटतो, कारण यात अर्थ मराठीतच आहेत, आणि शब्द कोकणातला, वऱ्हाडातला की गोव्याकडला, हेही जागोजाग दाखवलेले आहे. पेरणीवर लिहिणाऱ्याने पाभर लिहावे की तिफण, हा प्रश्न शहरातल्या लेखकाला कोशाशिवाय सुटायचा नाही. शेतकरी मात्र तिफणीचे तीन फण बोटावर मोजून दाखवील!

माहितीसाठी डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड आहेत. तो प्रचंड उद्योग आहे, पण वापरताना त्याचे वय ध्यानात ठेवावे. शंभर वर्षांपूर्वीची लोकसंख्या आणि तेव्हाची संस्थाने त्यात आहेत. त्या काळाबद्दल लिहायचे तर तो सोन्यासारखा. आजची माहिती हवी तर मराठी विश्वकोश पाहावा. त्याचा पहिला खंड तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली १९७६ साली निघाला.

एवढे ग्रंथ घ्यायला पैसा आणि ठेवायला जागा कोणापाशी आहे, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि विश्वकोश हे तिन्ही आता इंटरनेटवर फुकट पाहता येतात. शाळेतल्या मोबाइलवरही उघडतात. पदरचे पैसे घालून एकच कोश घ्यायचा झाला, तर मराठीतून मराठी अर्थ देणारा घ्यावा.

आणि त्याला मागे चार कोरी पाने शिवून घ्यावीत. तुमच्या गावात बोलला जाणारा, पण कोशात न सापडणारा शब्द मिळाला की तिथे टिपायचा. तो कोणत्या गावी, कोणत्या कामाच्या वेळी आणि कोणत्या अर्थाने ऐकला, हेही शेजारीच लिहावे.