कोणाच्या घड्याळाने?

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात हिंगणी नावाचे गाव आहे. घड्याळे घरोघरी येण्यापूर्वी अशा गावांत दिवसाची वेळ सूर्यावरून ओळखली जाई. सूर्य डोक्यावर आला, की शेतकरी औत सोडी आणि शिदोरी उघडी. त्या वेळी गावात दुपार झालेली असे आणि त्याविषयी कोणाचा मतभेद नसे.

परंतु हिंगणीत दुपार होते, त्याच क्षणी मुंबईत ती होत नाही. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. ३६० अंशांची ही फेरी पूर्ण करण्यास तिला २४ तास लागतात. म्हणजे एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. मुंबई हिंगणीच्या पश्चिमेस सुमारे ६ अंशांवर आहे. म्हणून हिंगणीच्या माथ्यावरून ढळलेला सूर्य मुंबईच्या माथ्यावर येण्यास सुमारे २४ मिनिटे घेतो.

मनुष्य बैलगाडीने प्रवास करीत होता, तोपर्यंत ह्या फरकाने कोणाचेच अडले नाही. पुढे आगगाडी आली. १८६७ साली मुंबईकडील लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. प्रत्येक स्टेशनने आपापल्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावले असते, तर गाडी केव्हा सुटते हे उतारूंना कळले नसते आणि गाड्यांची टक्कर होण्याचेही भय होते. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ स्वीकारली. मद्रासच्या वेधशाळेत वेळेचे अचूक मापन होई व ती वेळ तारायंत्राने दूरवर कळविता येई. मात्र मुंबई आणि कलकत्ता ह्या शहरांनी आपापली वेळ सोडली नाही.

इकडे जगातही वेळेचा हिशेब एकत्र आणण्याचा प्रयत्न चालू होता. १८८४ साली वॉशिंग्टन येथे अनेक राष्ट्रांच्या प्रतिनिधींची परिषद भरली. इंग्लंडमधील ग्रिनिच येथून जाणारे रेखावृत्त शून्य अंशाचे मानावे, असे तेथे ठरले. त्यानंतर १ जानेवारी १९०६ पासून भारतात ८२॥ अंश पूर्व रेखावृत्तावरील वेळ प्रमाण मानण्यात आली. ८२॥ अंशांना ४ मिनिटांनी गुणले, की ३३० मिनिटे, म्हणजेच साडेपाच तास होतात. भारताचे घड्याळ ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास असते, ते ह्यामुळेच. हिंगणी त्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्यामुळे तेथे घड्याळात बारा वाजल्यानंतर सरासरी पंधरा मिनिटांनी सूर्य माथ्यावर येतो.

मुंबईला हा बदल सहजासहजी रुचला नाही. नवी वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. कापडगिरणीचा भोंगा नव्या वेळेने सकाळी सहाला वाजला, तर जुन्या वेळेने तेव्हा ५ वाजून २१ मिनिटेच झालेली असत. कामगाराला तितके आधी अंथरूण सोडावे लागणार होते. म्हणून १९०६ च्या जानेवारीत गिरणीकामगारांनी ह्या बदलास विरोध केला. मुंबई नगरपालिकेनेही आपली जुनी वेळच चालू ठेवली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘मुंबईची वेळ’ टिकून राहिली. तोवर त्या शहरात कोणी भेटीची वेळ सांगितली, तर ‘कोणत्या घड्याळाने?’ असा प्रश्न विचारावा लागे.

भारतात आता सर्वत्र एकच प्रमाणवेळ आहे, तरी तो प्रश्न नाहीसा झालेला नाही. खेड्यापाड्यांतील मुलेमुली आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी देशोदेशी जातात आणि दूरध्वनीवरून घरच्यांशी बोलतात. समजा, हिंगणीतील एका कुटुंबातील मुलगी लंडनला आणि मुलगा न्यूयॉर्कला आहे. जुलै महिन्यात आईने सकाळी सात वाजता दोघांना हाक दिली, तर लंडनला रात्रीचे अडीच वाजलेले असतील. न्यूयॉर्कला आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेनऊ झालेले असतील; म्हणजे तेथे तारीखही निराळी असेल. ह्याउलट आईने संध्याकाळची सातची वेळ निवडली, तर लंडनला दुपारचे अडीच आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. तिघांनाही ती वेळ सोयीची ठरते.

पण हीच वेळ वर्षभर जुळेल असे नाही. लंडन व न्यूयॉर्क येथे उन्हाळ्यात दिवस फार मोठा असतो. संध्याकाळच्या उजेडाचा लाभ व्हावा, म्हणून तेथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात आणि शरद ऋतूत पुन्हा मागे घेतात. म्हणून जानेवारीत हिंगणीत संध्याकाळचे सात वाजतात, तेव्हा लंडनला दीड आणि न्यूयॉर्कला साडेआठच वाजलेले असतात. शिवाय हा बदल दोन्ही देशांत एकाच दिवशी होत नाही. ह्यासाठी वेळ ठरविताना नुसते ‘सात वाजता’ असे म्हणू नये. कोणत्या गावचे सात, सकाळचे की संध्याकाळचे आणि कोणत्या तारखेचे, हे तिन्ही सांगावे.

कधीकधी मात्र गणित बरोबर असूनही अडचण सुटत नाही. ह्याच कुटुंबातील आणखी एक भाऊ न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे असेल, तर जुलैत हिंगणीच्या संध्याकाळी सात वाजता तेथे मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. वेळ मागेपुढे केली, तर दुसऱ्या कोणाला तरी फार लवकर उठावे किंवा रात्री उशिरापर्यंत जागावे लागते. चौघांनाही सारखीच सोयीची अशी वेळ सहजासहजी सापडत नाही. अशा वेळी एकानेच नेहमी जागरण करावे, हे न्यायाचे नव्हे. एका खेपेस एकाने, दुसऱ्या खेपेस दुसऱ्याने झोपमोड सोसावी. म्हणजे कोणावरच सारा भार पडत नाही.

सूर्य सर्वांच्या माथ्यावर एकाच क्षणी येत नाही आणि कोणतेही घड्याळ तसे घडवून आणू शकत नाही. परंतु भेटीची वेळ ठरविण्यापूर्वी ‘तुमच्याकडे आता किती वाजले?’ असे विचारणे सर्वांच्याच हाती आहे. ज्याला आपण हाक मारणार, त्याच्या घरी दिवस आहे की रात्र, ह्याचा विचार करणे हीच वेळ पाळण्याची पहिली पायरी होय.