पिस्तुलाची परीक्षा आणि परवानाधारकाची

दवाखान्याबाहेरच्या आयुष्याविषयी काही लिहा, असा आग्रह स्मरणिकेच्या संपादक मंडळाने धरला, तेव्हा कोणी भजनावर लिहील, कोणी बागकामावर, हे ठाऊकच होते. माझ्यापाशी सांगण्याजोगा विषय एकच होता आणि तो थोडा संकोचाचा होता. 1997 पासून 2023 पर्यंत माझ्या पेडण्याच्या घरातील लोखंडी कपाटात एक परवानाधारी पिस्तूल होते. रुग्णांना तर सोडाच, पुष्कळशा व्यवसायबंधूंनाही त्याची कल्पना नव्हती.

ते पिस्तूल वडिलांचे. डिचोली तालुक्यात आमचे कुळागर. आजूबाजूच्या शेतकऱ्यांकडे रानडुकरांपासून आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी एकनळी बंदुका असत. वडिलांनी मात्र सुपारीच्या हंगामात घरी येणाऱ्या रोकडीच्या काळजीने स्वसंरक्षणार्थ पिस्तुलाचा परवाना घेतला होता. आपल्याकडे 9 मिलिमीटरसारख्या प्रतिबंधित बोअरची शस्त्रे सामान्य नागरिकास मिळत नाहीत. म्हणून बहुतेक परवानाधारकांप्रमाणे त्यांचेही पिस्तूल.32 बोअरचे, म्हणजे 7.65 मिलिमीटरचे होते. ते अर्धस्वयंचलित होते. चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते. परंतु तिच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधील नवे काडतूस नळीत सरकवते. हे सारे निमिषार्धात घडते आणि बिघाड होतो तोही त्याच निमिषार्धात.

वडिलांच्या निधनानंतर परवाना माझ्या नावे झाला आणि कोल्हापूरच्या बाजूला एका मान्यताप्राप्त मैदानावर मी प्रथमच सरावास गेलो. पन्नास काडतुसांत पिस्तूल सहा वेळा अडले. दोनदा रिकामे काडतूस स्लाइडच्या फटीत उभे अडकले, तीनदा नवे काडतूस नळीच्या तोंडाशी रुतले आणि एकदा चाप दाबूनही काही घडले नाही. मी तत्काळ निदान केले, की पिस्तूल टाकाऊ आहे. तेथील वृद्ध प्रशिक्षकांनी आधी पिस्तूल समोरच्या दिशेलाच रोखून अर्धा मिनिट थांबायला लावले, कारण क्वचित उशिरानेही बार उडतो. मग आपण रुग्णाची माहिती घ्यावी तशी त्यांनी विचारपूस आरंभिली. काडतुसे केव्हाची? मॅगझिन किती वर्षे भरून ठेवले आहे? पिस्तूल कशात ठेवता?

उत्तरे देताना मीच ओशाळलो. काडतुसे वडिलांच्या वेळची होती आणि त्यांनी आमच्याकडचे कितीतरी पावसाळे पाहिले होते. पिस्तूल चामड्याच्या म्यानात ठेवलेले होते. चामडे ओल धरते आणि लोखंडाला गंज चढवते, हे किनारपट्टीवरील माणसाला सांगावे लागू नये. तेल वाळून चिकट झाले होते आणि मॅगझिनची कमान थकली होती. शिवाय माझी पकड सैल होती. मनगट ढिले राहिले तर धक्क्याचा जोर मनगटातच मुरतो आणि स्लाइड पुरती मागे जात नाही. सहा बिघाडांपैकी एकाचाही दोष निर्मात्याच्या माथी मारता येईना. कमान बदलली, नवी काडतुसे घेतली, चामड्याच्या म्यानाऐवजी ओल शोषणाऱ्या पुड्यांसह कोरडा डबा आणला आणि मनगट घट्ट धरायला शिकलो. पुढच्या वर्षीच्या पन्नास काडतुसांत पिस्तूल एकदाही अडले नाही.

अचूकतेचा धडा याहून सूक्ष्म होता. रक्तशर्करेचे यंत्र प्रत्येक वेळी सारखाच परंतु चुकीचा आकडा दाखवू शकते, हे आपण जाणतो. पिस्तुलाचेही तसेच. गोळ्या एकाच जागी पडणे निराळे आणि मध्यभागी पडणे निराळे. माझ्या पिस्तुलावरील नेम धरण्याच्या मागच्या व पुढच्या खुणांमधील अंतर सुमारे बारा सेंटीमीटर होते. पुढची खूण एका मिलिमीटरने ढळली, तर दहा मीटरवर गोळी सव्वाआठ सेंटीमीटर बाजूला जाते. चाप हिसका देऊन ओढणारे बोट तेवढे सहज ढळवते. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, तेव्हा मला त्यांच्या बोटाच्या संयमाचेच अधिक नवल वाटले.

मी सरावाची वही ठेवीत असे. चाळिशीत माझ्या दहा गोळ्या पोस्टकार्डाच्या आकारात बसत. पन्नाशीत जवळची दृष्टी मंदावली आणि पुढची खूण धूसर झाली. 2019 मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्याच अंतरावर त्या वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानावर विखुरल्या. पिस्तूल निर्दोष चालत होते. हात कापत होता. तान्ह्या बाळाची शीर शोधताना तो कंप मला आधीच जाणवला होता आणि त्या कामासाठी मी मुले तरुण सहकाऱ्याकडे पाठवू लागलो होतो. प्रोप्रॅनोलॉलने कंप कमी होतो, हे आपणांस सांगायला नको. त्याच औषधापायी 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू यांची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. नेमबाजाला औषधाने स्थिर केलेला हात वर्ज्य आहे. माझ्यापुढचा प्रश्न मात्र पदकाचा नव्हता.

2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या अर्जदाराला शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे आणि व्यसनाधीन नसल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते. काही वर्षांपूर्वी डिचोलीकडचे एक जुने परिचित अशा प्रमाणपत्रासाठी माझ्याकडे आले. पत्नीच्या निधनानंतर त्यांचे पिणे वाढले होते, झोप गेली होती, बोलता बोलता ते मध्येच गप्प होत. मी प्रमाणपत्र नाकारले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. "डॉक्टर, तुम्ही मला वेडा ठरविलेत," एवढेच म्हणून ते उठले. पुढे ते माझ्या दवाखान्याची पायरी चढले नाहीत. त्यांनी दुसरीकडून सही मिळविली की नाही, हे मला कधी कळले नाही. आजही ती रुखरुख आहे.

2023 मध्ये नूतनीकरणासाठी तसेच प्रमाणपत्र मला स्वतःला हवे होते. एका स्नेही डॉक्टरांनी माझ्याकडे न पाहताच, हसत, चहा येण्यापूर्वी सही केली. "तुला काय धाड भरली आहे?" तो कागद घेऊन मी घरी आलो आणि रात्री सरावाची वही काढून बसलो. हे आकडे एखाद्या रुग्णाने पुढे ठेवले असते, तर मी सही केली असती का? उत्तर वहीतच होते.

पंचवीस वर्षांच्या ताब्यानंतर शस्त्राचा परवाना वारसाच्या नावे करून घेण्याची तरतूद नियमांत आहे. मुलाला विचारले, तो म्हणाला, "बाबा, कुळागर सांभाळीन, पण ते नको." दुसऱ्याच आठवड्यात मी पिस्तूल पुसून, तेल देऊन, रिकामे करून पोलिस स्थानकात जमा केले आणि परवाना रद्द करण्याचा अर्ज दिला. पावती देणाऱ्या हवालदाराने स्लाइड मागेपुढे करून पाहिली आणि म्हणाला, "डॉक्टर, एकदम नव्यासारखे चालते."

व्यवसायबंधूंना विनंती एवढीच. शस्त्र परवान्याचे प्रमाणपत्र हे रजेच्या दाखल्यासारखे कागदाचे काम नव्हे. समोरच्याला बसवा, त्याचे हात पाहा, दृष्टी तपासा, झोप आणि दारू यांविषयी विचारा, घरातील दुःखाची चौकशी करा. ज्याचे मन खचले आहे, त्याच्या घरातील शस्त्र काही काळ दूर ठेवल्याने जीव वाचतात, हे आपले शास्त्र सांगते. त्यासाठी एखादा स्नेही दुरावला, तर ते दुःख सोसावे. मी सोसतो आहे.