तेल वरून गेलं, मातीतलं राहिलं

रत्नागिरी-रायगडकडच्या आपल्या घरांत जुबैल आणि दम्माम ही नावं चिपळूण-महाडइतकीच तोंडात बसलेली आहेत. कुणाचे अब्बा तिथं होते, कुणाचे मामू अजून आहेत. त्यामुळं १९९१ च्या जानेवारीत इराकी सैन्यानं कुवेतच्या समुद्रात सोडलेलं तेल घरातल्या थोरांना आठवत असेल. जळणाऱ्या विहिरींचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या तेलानं किनाऱ्याच्या मातीचं काय केलं, ते मात्र आपल्याकडं फारसं पोचलं नाही.

किती तेल सांडलं याचे अंदाज जुळत नाहीत. कुणी ४० लाख पिंपं सांगतात, कुणी १ कोटीहून जास्त. वाऱ्यानं आणि प्रवाहानं ते दक्षिणेला ढकललं. खफजीपासून जुबैलजवळच्या अबू अली बेटापर्यंत सौदी किनाऱ्याचा सुमारे ७०० किलोमीटरचा पट्टा काळा झाला. हे बेट आडवं आलं म्हणून पुढचा किनारा बराचसा वाचला.

खडकावर आणि उघड्या वाळूवर लाटा आपटतात, तिथलं तेल काही वर्षांत झिजतं. खाजणाचं तसं नाही. तिथं भरतीचं पाणी हळू चढतं, हळू उतरतं. माती बारीक, चिकण. बोटभर खाली गेलं की प्राणवायू संपतो. तेल मोडणारे जिवाणू निसर्गात असतातच, पण काम उरकायला त्यांना हवा लागते.

मग अशा घट्ट मातीत तेल खोल गेलं कसं? खेकड्यांच्या बिळांतून. आम्हांला हीच गोष्ट सगळ्यांत जास्त लागते. एरवी ही बिळंच खाजणाच्या मातीत हवा खेळवतात. तेल त्यांतूनच खाली उतरलं, खेकडे मेले, आणि नवी बिळं पाडून माती उकरणारं कुणी उरलं नाही. दहा-बारा वर्षांनी संशोधकांनी खड्डे घेतले, तेव्हा हातभर खोलीवर पातळ तेल सापडलं.

वरच्या अंगाला निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर धरला. तो तेल संपवेल अशी सुरुवातीला आशा होती. पण वाळून तो चामड्यासारखा झाला. खाली हवा जाईना, वर बी रुजेना.

संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाई आयोगानं इराकच्या तेलविक्रीतून सौदी अरेबियाला किनाऱ्याच्या दुरुस्तीसाठी कोट्यवधी डॉलर मंजूर केले. त्यातून बुजलेल्या खाजणांत भरतीच्या पाण्यासाठी चर खोदले गेले. सगळी माती खरवडण्यापेक्षा हेच शहाणपणाचं, असं आमचं मत. पाणी खेळू लागलं की खेकडा परततो, आणि पुढची मशागत तोच करतो.

आपल्या दारातही हे घडलं आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं धडकली. शेकडो टन तेल सांडलं, आणि उरण-घारापुरीकडच्या तिवरांच्या, खुंट्यांसारख्या वर आलेल्या मुळांना ते चिकटलं. तिवराचं झाड हवा घेतं ते याच मुळांतून.

आपले दालदी बांधव आणि शिंपल्या वेचणाऱ्या बायका रोज खाडीत उतरतात, म्हणून एक सांगून ठेवतो. असं तेल आलं तर फावडी घेऊन घाईनं खाजणात शिरू नये. पाय पडेल तिथं ते चिखलात आणखी खाली दाबलं जातं.