अपग्रेड अर्ध्यावर थांबते तेव्हा

लिनक्सवर चालणाऱ्या घरगुती संगणकात नवे सॉफ्टवेअर पॅकेजांच्या रूपाने येते, आणि या पॅकेजांची आवकजावक, त्यांच्या आवृत्त्या, त्यांच्या फाइली आणि कोणते पॅकेज कोणावर अवलंबून आहे याचा सगळा हिशेब ज्या प्रोग्रॅमच्या हवाली केलेला असतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. इयान मरडॉक या विद्यार्थ्याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियन प्रकल्पाची घोषणा केली, पुढच्याच वर्षी ‘डीपीकेजी’ हे त्या प्रकल्पाचे मूळ साधन आकाराला आले, आणि १९९९ च्या मार्चमध्ये डेबियनच्या २.१ या आवृत्तीबरोबर ‘ॲप्ट’ हे दुसरे साधन लोकांच्या हाती पडले; आज उबुंटू आणि लिनक्स मिंट या प्रणालीही याच जोडीवर उभ्या आहेत. कोणते पॅकेज कोठून आणावयाचे आणि कोणत्या क्रमाने बसवावयाचे हे ॲप्ट ठरवते. आणलेले पॅकेज उलगडून जागच्या जागी ठेवणे आणि त्याची नोंद करणे ही जबाबदारी डीपीकेजीची. अपग्रेड अडले असता दोष आणण्यात आहे, ठरवण्यात आहे की बसवण्यात, एवढा निवाडा प्रथम करता आला, तर पुढचा शोध पुष्कळच आटोक्यात येतो.

बसवण्याचे काम एका दमात होत नाही. पॅकेजातील फाइली डिस्कवर उलगडून ठेवणे ही पहिली पायरी, आणि पॅकेजासोबत आलेली छोटी स्क्रिप्ट चालवून ते वापरायोग्य करणे, म्हणजे कॉन्फिगर करणे, ही दुसरी. खरेदीखत होऊन जमिनीचा ताबा मिळावा, परंतु तलाठ्याच्या दप्तरी फेरफार मंजूर होऊन सातबाऱ्यावर नाव चढलेले नसावे, ही जी मधली अवस्था आपल्याकडील शेतकऱ्याला पुरती ठाऊक असते, तशीच या दोन पायऱ्यांमध्ये पॅकेजाची अवस्था असते. नेमक्या त्याच वेळी वीज गेली, किंवा कंटाळून कोणी यंत्राचे बटण दाबून धरले, तर पॅकेज त्या मधल्या अवस्थेतच राहते. सुदैवाने डीपीकेजी प्रत्येक पायरीची नोंद आपल्या दप्तरात करून ठेवतो. ‘डीपीकेजी -एल’ हा हुकूम (टंकताना अर्थातच रोमन लिपीत) दिला असता पॅकेजांची यादी येते, आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी दोन अक्षरे दिसतात: ‘आय-आय’ म्हणजे सर्व काही यथास्थित, ‘आय-यू’ म्हणजे उलगडले पण कॉन्फिगर झाले नाही, ‘आय-एफ’ म्हणजे कॉन्फिगर होता होता फसले. अशा ओळी आढळल्या, तर ‘सूडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ हा हुकूम राहिलेली सर्व कामे दप्तरातील नोंदीवरून पुरी करू पाहतो, आणि त्यानेही न भागल्यास ‘सूडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ हा दुसरा हुकूम उणे पडलेले अवलंबन आणून देतो. विजेच्या खंडामुळे बिघडलेली पुष्कळशी यंत्रे एवढ्याने मार्गावर येतात, आणि तरीही ती तडकाफडकी पुसून नव्याने प्रणाली घातली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

याचे कारण संदेश वाचण्याच्या आपल्या पद्धतीत आहे. अपग्रेड फसले की पडद्यावर ओळींचा लोंढा येतो आणि दृष्टी साहजिकच शेवटच्या ओळीवर स्थिरावते. परंतु ती ओळ बहुधा एवढेच कळवते की डीपीकेजीने दोष-क्रमांक १ परत केला, आणि अपयश घडले यापलीकडे तिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही. कारण वर असते, पहिल्या तक्रारीत. एक नेहमीचा प्रकार पाहावा. डिस्क कूटबद्ध करून प्रणाली बसवली असता ‘बूट’ नावाचा एक लहान स्वतंत्र विभाग तयार होतो. प्रत्येक नव्या कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, फाइली तेथे येऊन बसतात, जुन्या काढल्या नाहीत तर तो विभाग भरून जातो, आणि एके दिवशी नव्या कर्नलची आरंभ-प्रतिमा लिहिताना ‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ अशी एक साधी ओळ उमटते. त्यानंतर कर्नलचे पॅकेज फसते, त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे फसतात, आणि प्रत्येकाची स्वतंत्र तक्रार पडद्यावर येऊन खरी ओळ वर, दृष्टीआड सरकते. अशा वेळी ‘डीएफ’ या हुकुमाने त्या विभागात जागा किती उरली ते पाहावे, चालू कर्नल कोणता ते ‘युनेम -आर’ ने ओळखून त्याला हात लावू नये, आणि जुने कर्नल ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ च्या मार्फत काढावेत. त्या फाइली हाताने पुसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण फाइल गेली तरी दप्तरातील नोंद तशीच राहते, आणि नोंद व वस्तुस्थिती यांत तफावत पडली की पुढच्या दोषाचा माग लागणे दुरापास्त होते.

पडद्यावरचे निसटलेले संदेश गेले असे समजू नये. ‘व्हार’ फोल्डरातील ‘लॉग’ आणि त्यातील ‘ॲप्ट’ येथे दोन फाइली असतात: ‘हिस्टरी’ मध्ये कोणत्या दिवशी, कोणत्या हुकुमाने, कोणती पॅकेजे बदलली याचा गोषवारा, आणि ‘टर्म’ मध्ये त्या वेळी पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा. संगणकाची भाषा मराठी ठेवलेल्यांना ॲप्टचे काही संदेश मराठीतच दिसतात; मात्र त्याच दोषाविषयी इतरांनी काय लिहिले आहे हे शोधावयाचे असल्यास हुकुमाच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहून मूळ इंग्रजी संदेश मिळवावा, शोध लवकर लागतो.

कधी कधी तर बिघाड नसतोच. ‘लॉक मिळाला नाही’ असा संदेश येतो तेव्हा बहुधा सुरक्षाविषयक अपग्रेड पार्श्वभूमीवर आपोआप चालू असते, आणि दोघांनी एकाच वेळी दप्तरात लिहू नये म्हणून दुसऱ्याला अडवलेले असते. थोडा वेळ थांबावे. लॉकची फाइल पुसून टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो घातक आहे.

ठरवण्यातील दोष अधिक गंभीर, कारण तेथे यंत्र आपली संमती विचारते आणि आपण ती न वाचता देतो. ‘ॲप्ट अपग्रेड’ हा हुकूम बसवलेले पॅकेज कधीही काढत नाही; ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ ला मात्र गरजेप्रमाणे पॅकेजे काढण्याची मुभा असते, म्हणून ‘काढली जातील’ या शीर्षकाखालची यादी नावानिशी तपासावी. २०२१ मध्ये लायनस सेबास्टियन या कॅनडातील प्रसिद्ध चित्रफीतकाराने ‘पॉप ओएस’ या प्रणालीवर ‘स्टीम’ हे खेळांचे पॅकेज बसवावयास घेतले. पॅकेजांच्या अवलंबनांत त्या दिवशी विसंगती होती. ॲप्टने तोडगा काढला तो असा की, स्टीम बसवण्यासाठी संपूर्ण डेस्कटॉपच काढावा. यादी पडद्यावर आली, हे कृत्य हानिकारक ठरू शकेल असा इशारा आला, आणि ‘होय, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे संपूर्ण इंग्रजी वाक्य टंकून संमती देण्याची अट आली. त्यांनी ते वाक्य टंकले आणि डेस्कटॉप गेला. माझ्या मते दोष एकट्या वापरणाऱ्याचा नव्हता. इतकी अनर्थकारक तजवीज यंत्राने पुढे मांडावीच का, हा रास्त प्रश्न होता, आणि ॲप्टच्या कर्त्यांनी तो मानला. त्यानंतर अत्यावश्यक पॅकेजे काढण्याचा तोडगा ॲप्ट आपण होऊन काढीनासे झाले, आणि ते वाक्य टंकण्याऐवजी हुकुमातच वेगळी स्पष्ट परवानगी लिहावी लागू लागली.

आणण्यातील दोषांपैकी एकच सांगतो, कारण तो चकवणारा आहे. सर्व्हरवरील सूचीवर प्रकल्पाची डिजिटल स्वाक्षरी आणि तारीख असते. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डावरील नाण्याएवढा सेल संपला की यंत्राचे घड्याळ मागे पडते, आणि इंटरनेटवरून वेळ दुरुस्त होण्याआधी अपडेट चालवले, तर अस्सल सूचीही ‘अद्याप वैध नाही’ म्हणून नाकारली जाते. मनुष्य सर्व्हर बदलत बसतो; बदलावयाचा असतो तो सेल.

अपग्रेडच्या ओघात आणखी एक प्रश्न येतो, ज्यावर घाईने एंटर दाबले जाते. आपण एखादी सेटिंगची फाइल पूर्वी बदललेली असते आणि नव्या पॅकेजातही तिची नवी प्रत आलेली असते. तेव्हा डीपीकेजी थांबून विचारतो की कोणती ठेवावी. नुसते एंटर दाबले तर आपली जुनी प्रत कायम राहते, आणि नवी प्रत शेजारी ‘डीपीकेजी-डिस्ट’ असे शेपूट लावून ठेवली जाते. म्हणजे कोणताही निर्णय अपरिवर्तनीय नाही. तरीही ‘डी’ हे अक्षर दाबून दोन्ही प्रतींतील फरक डोळ्यांखालून घालावा. एखाद्या जुन्या सेटिंगचे नाव नव्या आवृत्तीत बदललेले असते आणि जुनी प्रत ठेवल्यामुळे सेवा सुरूच होत नाही, हा अनुभव विरळा नाही.

डेबियनच्या एका प्रमुख आवृत्तीवरून दुसरीवर जाताना मधली आवृत्ती गाळता येत नाही. अकरावरून तेरावर जावयाचे तर बारावरूनच जावे लागते. त्याआधी ‘डीपीकेजी --ऑडिट’ चालवून अर्धवट राहिलेले काही नाही याची रुजुवात करावी, ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ने रोखून धरलेली पॅकेजे पाहावीत, आणि ‘ईटीसी’ फोल्डराची व स्वतःच्या कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. आणि वीज जाऊन डीपीकेजीचे दप्तरच, म्हणजे ‘स्टेटस’ ही फाइलच, खराब झाली तरी धीर सोडू नये: तिची आधीची प्रत ‘स्टेटस-ओल्ड’ या नावाने तेथेच शेजारी असते, आणि ‘व्हार’ मधील ‘बॅकअप्स’ या फोल्डरात गेल्या काही दिवसांच्या प्रती प्रणालीने स्वतःहून राखलेल्या असतात. खराब फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवून त्यांतील सर्वांत अलीकडची शाबूत प्रत तिच्या जागी ठेवावी, आणि मग पुन्हा ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवावा.